फितीवर उरलेले प्रयोग

‘नटसम्राट’ची छापील संहिता आज कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळते. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात झालेला त्याचा पहिला प्रयोग मात्र ज्यांनी पाहिला त्यांच्या स्मृतीपुरताच उरला आहे. दि गोवा हिंदु असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे दिग्दर्शन, अप्पासाहेब बेलवलकरांच्या भूमिकेत त्रेचाळीस वर्षांचे डॉ. श्रीराम लागू आणि कावेरीच्या भूमिकेत शांता जोग, एवढा तपशील इतिहासात नोंदला गेला. पण त्या रात्री अप्पासाहेब कोणत्या शब्दावर थांबले, कावेरीने मान कधी वळवली, सभागृहात शांतता केव्हा पसरली, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मुंबईत दूरदर्शनच सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. नाटक टिपून ठेवण्याचे साधन सर्वसामान्यांच्या हाती येण्यास आणखी दशकभर अवकाश होता.

पुढे ते साधन आले. १९८०च्या दशकात घरोघरी पोहोचलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मराठी नाटकांचे काही प्रयोग टिपले गेले. काही दूरदर्शनने, काही व्यावसायिक कंपन्यांनी, तर काही लग्नाचे चित्रण करणाऱ्या गावातल्याच व्हिडिओवाल्याने. यांतील जी चित्रणे नंतर बाजारात आली नाहीत किंवा अल्पकाळ येऊन नाहीशी झाली, त्यांचा शोध घेणारा एक चिवट रसिकवर्ग महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही आहे. चित्र धूसर, आवाज घोगरा, रंग विटलेले. तरीही त्या फितीसाठी माणसे गावोगाव चौकशी करतात. या ओढीची कारणे शोधताना नाशिकपासून सुरुवात करणे सयुक्तिक ठरते, कारण मराठी रंगभूमीला दोन थोर नाटककार देणारे हे शहर भारतीय चित्रपटाच्या जनकाचेही शहर आहे.

दोन नाटककारांचे गाव

वि. वा. शिरवाडकर (१९१२-१९९९) आणि वसंत कानेटकर (१९२२-२०००) या दोघांचे लेखन बहुतांशी नाशिकमध्ये झाले. कानेटकर येथील हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘वेड्याचं घर उन्हात’ हे त्यांचे पहिले महत्त्वाचे नाटक १९५७ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. त्यानंतर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२), ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) आणि ‘हिमालयाची सावली’ (१९७२) या नाटकांनी व्यावसायिक रंगभूमीची दोन दशके व्यापली. डॉ. लागूंनी वैद्यकीचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला तो १९६९ साली, कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या वाट्याला शिरवाडकरांचे बेलवलकर आले. या दोन्ही भूमिका नाशिकच्या लेखण्यांतून उतरल्या होत्या, हा योगायोग नाशिककर अजूनही अभिमानाने सांगतात.

शब्द नाशिकचे असले तरी त्यांचे प्रयोग मुंबई-पुण्याच्या संस्थांचे असत. ते दौऱ्यावर नाशिकला येत आणि रातोरात पुढच्या गावी निघून जात. ‘अश्रूंची झाली फुले’मधला डॉ. काशिनाथ घाणेकरांचा लाल्या हे याचे बोलके उदाहरण. प्रवेशालाच शिट्ट्या आणि टाळ्या घेणारा हा नट २ मार्च १९८६ रोजी दौऱ्यावर असतानाच अमरावतीत निधन पावला. त्या नाटकावर बेतलेला ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट (१९६९) पाहता येतो, घाणेकरांचे मराठी चित्रपट पाहता येतात. परंतु लाल्याविषयी आजचा तरुण प्रेक्षक जे जाणतो ते वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून, काही छायाचित्रांतून आणि सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केलेल्या २०१८ च्या चित्रपटातून. म्हणजे पाहिलेल्याचे ऐकलेले, आणि ऐकलेल्याचे पुन्हा रंगवलेले.

बेलवलकरांची कथा याहून निराळी. ही भूमिका लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशा एकाहून एक समर्थ नटांनी केली. लागूंच्या बेलवलकरांचे चित्रण पुढच्या पिढ्यांना उपलब्ध झाले, त्यामुळे बेलवलकर म्हणजे लागू हे समीकरण पक्के झाले. दत्ता भट १९८४ मध्ये गेले, दुभाषी त्याआधीच, १९८० मध्ये. ज्यांनी हे सारे बेलवलकर पाहिले ते जुने प्रेक्षक त्यांच्यातील फरकावर तासन्‌तास बोलतात. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्याजवळ तुलनेला साधन नाही. जे चित्रित झाले तेच कालांतराने एकमेव वाटू लागते. फितीची ही सत्ता लक्षात घेतली, म्हणजे एखादी हरवलेली कॅसेट सापडण्याला रसिक एवढे महत्त्व का देतात ते उमगते.

चित्रपट नव्हे, प्रयोग

नाटकावरून काढलेला चित्रपट आणि नाटकाच्या प्रयोगाचे चित्रण या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ (२०१६) किंवा सुबोध भावे यांचा ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) हे चित्रपट आहेत. त्यांत कॅमेऱ्यासाठी नव्याने रचना केलेली आहे. घाशीराम कोतवालावरचा १९७६ चा चित्रपटही मूळ संचातील नट घेऊन केलेला, तरी चित्रपटच. बालगंधर्वांनी १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ या बोलपटात स्त्रीभूमिकेत उभे राहून रंगभूमीवरची आपली मोहिनी पडद्यावर आणण्याचा प्रयत्न केला, तो प्रेक्षकांना रुचला नाही. पंधराव्या रांगेतून स्वर्गीय भासणारे रूप कॅमेऱ्याने अगदी जवळ आणून ठेवले होते.

प्रयोगाच्या चित्रणात नट कॅमेऱ्यासाठी नव्हे, समोरच्या प्रेक्षकांसाठी उभा असतो. कॅमेरा कोपऱ्यात बसलेला आणखी एक प्रेक्षक. म्हणूनच जी गोष्ट चित्रपटात दोष ठरेल ती येथे मोलाची होते. तिसरी घंटा, पडदा सरकतानाची कुजबुज, नटाच्या प्रवेशावर उठलेली टाळी आणि ती ओसरेपर्यंत त्याने धरलेला विराम, विंगेतून ऐकू येणारा प्रॉम्प्टरचा आवाज, खोकला, रडणारे मूल. हे सारे फितीवर असते. छापील नाटकात एक वाक्य दिसते; त्या वाक्यावर १९८५ मधील नाशिककर कोठे हसले आणि मुंबईकर कोठे, हे केवळ चित्रणातून कळू शकते.

मालवणी ‘वस्त्रहरण’चे उदाहरण घ्यावे. गंगाराम गवाणकरांच्या या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि मच्छिंद्र कांबळींनी (निधन २००७) प्रत्येक गावागणिक त्यात भर घातली. रंगभूमीच्या बोलीत ज्याला ‘ॲडिशन’ म्हणतात तो प्रकार संहितेत शोधून सापडत नाही. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाचेही तेच. एक नट, अंगावरचा साधा पोशाख आणि पन्नासहून अधिक पात्रे. कागदावर यातले काय उतरणार? देशपांडे २००९ मध्ये गेले. त्यांचा प्रयोग कॅसेटवर आणि नंतर तबकडीवर असंख्य घरांत पोहोचला होता म्हणूनच तो आजही ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या बहुरूपी प्रयोगांबाबतही हेच म्हणता येईल, जरी पुलंच्या बाबतीत आधी ध्वनिफितींनी आणि मग चित्रफितींनी हे काम केले. ‘ती फुलराणी’ (१९७५) हे पुलंचेच नाटक. त्यातील मंजुळाची भूमिका पुढे अनेक अभिनेत्रींनी केली. पण २००१ मध्ये अपघाती निधन झालेल्या भक्ती बर्वे यांच्या स्वगताचा जो तुकडा आज रसिकांत फिरतो, तो पाहिल्यावर त्यांच्याविषयी वाचलेले रकानेच्या रकाने फिके पडतात. काही मिनिटांचे चित्रण, तेही काही फार चांगले नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी या कॅसेटींचे मोल आणखी वेगळे होते. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये झाली, त्याच सुमारास घरगुती व्हिडिओही फोफावत होता. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी नाटकाची कॅसेट असे. अडचण अशी की भारतात ‘पाल’ पद्धतीचे चित्रण होई आणि अमेरिकेत ‘एनटीएससी’ पद्धतीची यंत्रे. एकाची फीत दुसऱ्यावर चालत नसे. मग रूपांतर करून घ्यायचे, त्याची नक्कल काढायची, नकलेची नक्कल. प्रत्येक पायरीवर चित्र आणखी पुसट होत जाई आणि बघणाऱ्यांची संख्या वाढत जाई.

फितीचे शरीर

घरगुती व्हिडिओ कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९७६ मध्ये बाजारात आणली. अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पातळ पट्टी, तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप आणि तो लेप पट्टीला धरून ठेवणारे एक बंधक द्रव्य, एवढीच तिची रचना. यंत्रातील गोल ढोल सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो आणि त्यावरील चुंबकीय शीर्षे पट्टीवर तिरक्या रेघांमध्ये चित्र लिहितात. यातून जे चित्र मिळते त्याचा आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. रंगमंचाच्या पूर्ण दृश्यात नटाच्या डोळ्यांना त्यातल्या किती रेषा मिळणार, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

नाटकाच्या दृष्टीने आणखी काही मर्यादा होत्या. सर्रास मिळणारी ‘ई-१८०’ कॅसेट तीन तास चाले. तीन अंकी नाटक, मध्यंतरे आणि एखाददुसरा ‘वन्समोअर’ धरला की शेवटचा प्रवेश फितीबाहेर राही. संगीत नाटक असेल तर विचारायलाच नको. काही जण यंत्र निम्म्या वेगावर लावून सहा तासांची सोय करीत, पण मग चित्र आणखी ढासळे. रंगमंचाच्या प्रकाशझोतात चेहरे पांढरेफटक दिसत, काळोखाच्या प्रवेशात काहीच दिसत नसे, आणि कॅमेऱ्यावरच बसवलेला मायक्रोफोन नटापेक्षा पुढच्या रांगेतील प्रेक्षकांचे संभाषण अधिक स्पष्ट टिपी. चित्रणकारही बहुधा लग्नसमारंभांत तयार झालेला. भावनाप्रधान स्वगत ऐन रंगात आले असताना तो एकाएकी प्रेक्षकांवर कॅमेरा फिरवी, कारण मांडवात पाहुण्यांचे चेहरे टिपायची सवय. आज मात्र असे क्षण सापडले की शोधकर्त्यांना आनंद होतो. त्या काळचा नाशिकचा प्रेक्षक कसा बसे, कसा दिसे, याचा तेवढाच पुरावा.

फितीचा मुख्य शत्रू दमट हवा. बंधक द्रव्य हवेतील पाणी शोषून घेते, चिकट होते आणि लेप सुटू लागतो. पावसाळ्यात पेटीत बुरशी धरते. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटी उन्हाळ्यात तापतात, पावसाळ्यात सर्दावतात. बुरशी आलेली फीत तशीच यंत्रात घातली तर शीर्षे खराब होतात आणि त्याच यंत्रात पुढे घातलेल्या चांगल्या फितीलाही ती लागण होते. हा धोका फारच थोड्यांना ठाऊक असतो. माणसाच्या हातूनही कमी नुकसान झालेले नाही. कॅसेटच्या कण्यावर एक छोटी प्लॅस्टिकची खिटी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा चित्रण होत नाही. न मोडलेल्या खिटीमुळे किती नाटकांवर क्रिकेटचे सामने चढले असतील, त्याची गणती नाही. मोठ्या संस्थाही यास अपवाद नव्हत्या; महागड्या फिती पुसून पुन्हा वापरणे ही जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांची त्या काळातील रीतच होती.

दरम्यान यंत्रेही संपली. व्हीसीआर बनविणारी जगातील शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. जे दुरुस्त करू शकत ते कारागीर मोबाइलच्या दुकानांकडे वळले. युनेस्को आणि ध्वनी-दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगाला इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरील ठेवा संगणकीय रूपात आणण्यास २०२५ च्या सुमारापर्यंतचाच काळ हाताशी आहे. तो काळ आता सरला. २०००च्या दशकात ज्यांनी घाईने कॅसेटीवरून व्हीसीडी करून घेतल्या त्यांची समजूत आपण सुटलो अशी झाली; पण व्हीसीडीवरचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे आणि जबर दाबलेले. मूळ फीत टाकून दिली असेल तर ती तबकडी हीच आता मूळ प्रत.

चित्रण का झाले नाही

एवढी ओढ होती तर अधिक नाटके चित्रित का झाली नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर तिकीटबारीत आहे. मराठी व्यावसायिक नाटक दौऱ्यावर जगते. नाटकाची कॅसेट नाशिकच्या व्हिडिओ पार्लरात दहा रुपयांत मिळू लागली तर पुढच्या महिन्यातील प्रयोगाला कोण येणार, ही निर्मात्याची धास्ती खोटी नव्हती. १९८०च्या दशकात चोरट्या कॅसेटींनी चित्रपटगृहांची काय अवस्था केली ते सर्वांनी पाहिले होते. म्हणूनच आजही प्रयोगापूर्वी चित्रण न करण्याची सूचना होते. परिणामी जे नाटक जोरात चालू होते त्याचे चित्रण टाळले गेले. प्रयोग थांबल्यावर संच विखुरला, आणि मग कोणी चित्रण करायचे ठरवले तरी मूळ नट राहिले नव्हते. प्रायोगिक रंगभूमीची कथा याच्या उलट आहे. तेथे धास्ती नव्हती, पैसाच नव्हता.

कायद्याची बाजूही सोपी नाही. प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क मिळाला आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. नाटककाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे शिरवाडकरांच्या नाटकांबाबत २०५९ अखेरपर्यंत आणि कानेटकरांच्या बाबतीत २०६० अखेरपर्यंत. शिवाय निर्माती संस्था, संगीतकार, चित्रण करणारा. घरात सापडलेली फीत ज्याच्या हातात आहे तो तिचा मालक असतो, तिच्यावरील नाटकाचा नव्हे. बरेच संग्राहक यामुळेच गप्प राहतात. फीत लपविणारा कंजूस असे त्याला नावे ठेवणे सोपे आहे. ती खुली केली तर नोटीस येईल, ही त्याची भीती समजून घेणे अधिक उपयोगाचे.

न्यूयॉर्कमध्ये या गाठीवर एक तोडगा निघाला. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात बेटी कॉर्विन यांनी १९७० मध्ये नाट्यचित्रणांचा संग्रह सुरू केला. सर्व कामगार संघटनांची संमती घेऊन चालू नाटके चित्रित करायची, पण ती केवळ अभ्यासकांना, ग्रंथालयाच्या आवारातच दाखवायची. नक्कल नाही, विक्री नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९९२ मध्ये अशीच योजना हाती घेतली. या शिस्तीच्या अगदी विरुद्ध टोकाची कथा रिचर्ड बर्टनच्या ‘हॅम्लेट’ची. १९६४ मध्ये ब्रॉडवेवरील त्या प्रयोगाचे चित्रण करून ते अमेरिकेतील चित्रपटगृहांत दोन दिवस दाखवले गेले आणि करारानुसार सर्व प्रती नष्ट करायच्या ठरल्या. बर्टनच्या घरी राहून गेलेली एक प्रत त्याच्या मृत्यूनंतर सापडली. आज तो ‘हॅम्लेट’ पाहता येतो तो या करारभंगामुळे.

नाशिकला असा प्रसंग अपरिचित नाही. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. जो भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, तो मूळ चित्रपटाचा की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यानंतर त्यांनी कारभार नाशिकला हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) या फिरत्या नाटक मंडळीतील दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत गोखले पुढे बेलवलकर झाले, हे वर आलेच आहे.

संगीत नाटक अकादमीचा दिल्लीतील दृक्‌श्राव्य संग्रह आणि दूरदर्शनचा जुना साठा यांत मराठी रंगभूमीचा निवडक भाग सुरक्षित आहे. सह्याद्री वाहिनीने त्यांतील बरेच काही अलीकडच्या वर्षांत यूट्यूबवर खुलेही केले. मात्र गावातील हौशी संघांचे प्रयोग, सहा दशकांहून अधिक काळ चाललेल्या राज्य नाट्य स्पर्धेतील सादरीकरणे, परशुराम साईखेडकर नाट्यगृहात किंवा महाकवी कालिदास कलामंदिरात एखाद्या रात्री रंगलेला दौऱ्यावरचा प्रयोग, यांना तेथे जागा मिळण्याचा संभव कमी. ते असतील तर कोणाच्या तरी कपाटात असतील.

अशी कॅसेट हाती आली तर ती लगेच यंत्रात घालू नये, उभी आणि कोरड्या जागी ठेवावी, बुरशी असल्यास जाणकाराकडून साफ करून घ्यावी, खिटी मोडावी, आणि संगणकीय प्रत काढल्यावरही मूळ फीत टाकू नये. वेष्टनावर नाटकाचे नाव बहुधा लिहिलेले असते. तारीख आणि नाट्यगृह क्वचित, आणि त्या रात्रीच्या संचाची यादी जवळपास कधीच नाही. दौऱ्यावर बदली नट उभे राहत, त्यामुळे जाहिरातीतील नावांवर विसंबता येत नाही. पडद्यावर क्षणभर दिसलेला नोकर किंवा पोस्टमन नेमका कोण, हे चेहऱ्यावरून सांगू शकणारी माणसे आता सत्तरी ओलांडलेली आहेत.